आरएक्स १०० वळणात बसवताना : कोल्हापुरातल्या कामाच्या नोंदी

गाडी यामाहाची आरएक्स १००, १९९४ ची. इंजिनचं काम आधीच झालंय आणि सरळ रस्त्यावर ती अगदी गोड चालते. खोट आहे ती वळणात. वाघबीळला रत्नागिरी रस्ता सोडून पन्हाळ्याकडे चढायला लागलं की डावीकडच्या वळणात, त्यातही रस्ता जरा खडबडीत असला की, हँडल थरथरतं, मागचं चाक शेपटीसारखं हलतं आणि गाडी धरलेली रेषा सोडून बाहेर जाते. जेमतेम शंभर किलोची, ९८ सीसीची गाडी. एवढी हलकी गाडी वळणात हातातून सुटता कामा नये.

आरएक्स १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, तरी कोल्हापुरात अजून गल्लोगल्ली दिसते. काम मात्र बहुतेक जण इंजिनावर आणि सायलेन्सरवरच करतात. शॉकअप उघडतात ते तेल गळायला लागल्यावर. म्हणून या नोंदी.

५ जानेवारी २०२५, रविवार

आज फक्त तपासणी. एकही नट फिरवायचा नाही असं ठरवून बसलो होतो.

मेन स्टँडवर गाडी, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. पुढच्या शॉकअपची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ढकलली तर टक-टक वाजतं. हँडल हळूहळू फिरवलं तर बरोबर मधोमध एक खाच लागते, जणू हँडलला तिथेच राहायचंय. मागचं चाक धरून आडवं हलवलं तर टायरच्या कडेला चांगला चार-पाच मिमी प्ले, म्हणजे ढिलेपणा. तो चाकाच्या बेअरिंगचा की चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा), हे बघायला एका हाताने चिमटाच धरून हलवला. चिमटाच हलतोय.

मागचे शॉकअप मूळ नाहीत. आधीच्या मालकाने गॅसवाले बसवलेत. वरच्या बुशच्या (बोल्ट जातो त्या नळीच्या) मध्यापासून खालच्या बुशच्या मध्यापर्यंत मोजलं, आणि शेजारच्या मूळ शॉकअपवाल्या आरएक्सचंही मोजलं. माझे २० मिमी लांब निघाले. मागचा टायर ३.००-१८, पुढचा २.७५-१८. मूळ माप मागे २.७५-१८ आणि पुढे २.५०-१८. मागे हवा ३८ पौंड भरलेली.

मी नवे ॲडजस्टेबल गॅस शॉकअप घ्यायच्या विचारात होतो. दुकानात जोडीचे ७,५०० सांगितले होते. उद्यमनगरातले मिस्त्री ऐकून म्हणाले, "आधी प्ले काढ सगळा. ढिल्या गाडीला म्हागाचं शॉकअप लावून काय व्हतंय? पैसं जात्यात, प्ले तिथंच ऱ्हातोय."

पटलं. क्रम ठरला : टायर आणि चाकं, मग कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं बेअरिंग), मग चिमटा, मग चाकांची रेषा, आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग आणि तेल. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तोच वाघबीळ-पन्हाळा रस्ता, सकाळी लवकर, आपल्या बाजूने आणि तेवढ्याच वेगाने. वेग वाढवून गाडी कळत नाही. तोच वेग ठेवला तर फरक कळतो.

८ जानेवारी

दोन्ही टायर मूळ मापाचे घेतले, ट्यूबसकट ३,६००. अरुंद रिंगवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. सरळ चालताना काही जाणवत नाही. गाडी कलवली की मात्र ती आधी अडते आणि मग एकदम पडते. "मोठा टायर, जास्त ग्रिप" हे या रिंगांना लागू नाही.

टायर उतरलेच होते, म्हणून दोन्ही चाकांचे आउट (फिरतानाचा वाकडेपणा) काढून घेतले. मागचं चाक बरंच आउट होतं आणि तीन स्पोक पार सैल. स्पोकवाल्याकडे दोन्ही चाकांचे ३००.

हवा पुढे २४, मागे २८. ही माझ्या ७८ किलो वजनाला, एकट्यासाठी. टायर थंड असताना मोजलेली.

९ जानेवारी

पन्हाळा रस्ता. गाडी कलायला हलकी झाली, पहिल्याच वळणात कळतं. थरथर तशीच आहे.

१२ जानेवारी, रविवार

कोनसेट. अख्खा दिवस गेला. त्यातला निम्मा एका रिंगेने खाल्ला.

हेडलाइट, हँडल आणि वरची टी (पुढचे दोन्ही शॉकअप धरणारी पट्टी) काढली, खालची टी उतरवली. गोळ्या ताटात जमवल्या. खालच्या कपात गोळ्यांच्या जागी खड्डे पडलेले बोटाला लागतात. हीच ती मधली खाच. वर्षानुवर्षं हँडल जवळपास सरळच असतं. खड्ड्यातून बसणारे दणके त्याच जागी गोळ्या दाबतात आणि कप तिथेच खणला जातो. मग वळणात गाडीला हँडल जो बारीकसा कोन सतत बदलायचा असतो, तो बदलत नाही. अडकतो आणि सुटतो, अडकतो आणि सुटतो. थरथरीचं एक मूळ इथे होतं.

खालच्या टीच्या दांड्यावरची कोनसेटची जुनी रिंग निघेना. छिन्नीने दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उचलत, डिझेल सोडत, शेवटी गरम करून निघाली. या कामाला घाई केली की दांड्याला ओरखडे पडतात आणि नवी रिंग वाकडी बसते.

नवा सेट स्वस्तातला आणला होता, २२० चा. वरचा कप चेसिसच्या नळीत हाताने बसला. हा कप ठोकूनच बसायला हवा. हाताने बसणारा कप आज ना उद्या हलणार आणि पुन्हा टक-टक सुरू होणार. दुकान बंद झालं होतं. गाडी उघडी ठेवून घरी.

१३ जानेवारी

चांगल्या प्रतीचा सेट ४८० ला. आधीचा उघडलेला म्हणून दुकानदाराने परत घेतला नाही. नवे कप लाकडी ठोकळा मधे ठेवून, चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकून बसवले. बसला की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव होतो. तो आवाज आल्याशिवाय थांबू नये.

घट्टपणा असा पाहिला : वरचा नट आधी जरा जास्त आवळला, हँडल दोन्हीकडे पुष्कळदा फिरवलं म्हणजे गोळ्या जागेवर बसल्या, मग नट सोडून पुन्हा हलका आवळला. चाक अधांतरी ठेवून हँडलला मधून बोटाने जरासा धक्का दिला की ते दोन्ही बाजूंना स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत गेलं पाहिजे, आणि शॉकअप पुढे-मागे ढकलले तर टक वाजता कामा नये. ही दोन्ही एकदम जुळली की झालं. नुसतं "प्ले नाही ना" एवढंच बघून जास्त आवळलेला कोनसेट ढिल्यापेक्षा वाईट. त्यावर गाडी सरळ रस्त्यावरही डुलत चालते.

१५ जानेवारी

हँडलची थरथर जवळजवळ गेली. आता मागच्या चाकाचं हलणं उघडं पडलंय. आधी सगळं एकात एक मिसळलेलं होतं, कुठून काय येतंय तेच कळत नव्हतं.

१८ जानेवारी

चिमटा उतरवला. बोल्ट गंजून आतल्या नळीला धरलेला. तो ठोकून काढण्यात दुपार गेली. बोल्टवर मधोमध झीज दिसते, बुशांचा आतला व्यास गोल राहिलेला नाही, अंडाकार झालाय. चिमट्याला ग्रीस कुणी कधी दिलेलं नाही हे उघड आहे.

वळणात याचं काय होतं? मागचं चाक रस्त्याला बाहेरच्या बाजूला दाबतं आणि चिमटा प्लेएवढा वाकडा होतो. खड्डा आला की दाब क्षणभर जातो, चिमटा परत येतो, पुन्हा दाब, पुन्हा वाकडा. म्हणजे मागचं चाक दर खड्ड्याला स्वतःच हँडल मारतंय. बोल्टजवळचा अर्धा मिमी प्ले चाकापाशी कित्येक पटींनी मोठा होतो. शॉकअप कितीही भारी असला तरी हे त्याच्या हातातलं काम नाही.

बाजारात तयार बुश मिळतात. मी गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) करून घ्यायचं ठरवलं. कोल्हापुरात राहून हे काम न करून घेणं म्हणजे करंटेपणा. फाउंड्रीत ओतलेला गनमेटलचा रॉड, लेथ, भोक नेमक्या मापाचं करणारा रीमर, सगळं एका गल्लीत मिळतं.

२० जानेवारी

लेथवाल्याने बुश सुंदर केले. बाहेरून किंचित जाड, म्हणजे प्रेसने दाबूनच बसतील असे. आतून बोल्टच्या नळीला अलगद सरकतील असे. प्रेसवर दाबले आणि नळी आत जाईना.

कारण साधं आहे. घट्ट जागेत दाबलेला बुश सगळीकडून आवळला जातो, त्यामुळे आतला व्यासही थोडा कमी होतो. मोजलं तर ०.०४ मिमी कमी भरला. आतलं माप आधी पुरं करून उपयोग नाही. आधी बुश आतून लहान ठेवायचा, चिमट्यात दाबायचा, आणि मग दोन्ही बुशांतून एकच रीमर आरपार घालून शेवटचं माप काढायचं. त्याने दोन्ही भोकं एका ओळीतही येतात.

नळी जाण्यापुरती पॉलिश मारून जागा करता आली असती. पण मग दोन बाजू एका ओळीत आहेत का याची खात्री कुठली? बुश काढले. काढताना एकाची कड गेली. जोडी पुन्हा.

२२ जानेवारी

दुसरी जोडी. दाबून मग रीमर. नळी तेल लावून अंगठ्याने सरकते, पण बाजूला हलत नाही. बुशच्या आत ग्रीससाठी खाच मारून घेतली आणि चिमट्याच्या नळीवर ग्रीस भरायचं निपल बसवलं. आडव्या प्लेसाठी दोन्ही टोकांना पातळ शिम (चकत्या). बोल्ट पूर्ण आवळल्यावर चिमटा हाताने उचलून सोडला तर स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला पाहिजे, धपकन नाही आणि अडूनही नाही. एक शिम कमी केल्यावर तसं झालं.

दोन्ही जोड्यांचे मिळून ७००, नवा बोल्ट १८०, निपल ३०. पहिल्या जोडीतली मजुरी लेथवाल्याने धरली नाही, फक्त मालाचे घेतले.

२३ जानेवारी

मागचं हलणं गेलं. गेलं म्हणजे गेलंच. सगळ्या कामात एवढा मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडलेला नाही. तुमच्या गाडीवर एकच काम करायची ऐपत असेल तर हे करा.

२६ जानेवारी

काम नाही. अख्खं गाव जिलेबीच्या रांगेत, मीही.

२ फेब्रुवारी, रविवार

लांब शॉकअप काढून मूळ लांबीचे बसवले, जोडी १,७००. साधे, स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायला घरं बदलणारे.

त्या २० मिमीचा हिशेब असा. दोन चाकांमधलं अंतर १,२४० मिमी. मागची बाजू २० मिमी उचलली की सगळी गाडी साधारण एक अंश पुढे झुकते आणि पुढचे शॉकअप तेवढेच जास्त उभे होतात. ट्रेल, म्हणजे हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीला जिथे टेकते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, कमी होतो. गाडी चटकन वळते खरी, पण वळल्यावर स्थिर राहत नाही, हँडल सारखं सावरावं लागतं. शिवाय वजन पुढे जातं आणि उतारावर ब्रेक मारला की मागचं चाक हलकं पडतं. स्टँडवर बघायला मात्र ती उंच गाडी छान दिसते, आणि म्हणूनच लोक बसवतात.

मग सूत लावलं. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सारख्या उंचीवर दोरा ताणून पुढच्या चाकापर्यंत नेला. पुढचा टायर अरुंद, म्हणून दोन्ही बाजूंना फट राहते. ती सारखी यायला हवी. डावीकडे ३ मिमी, उजवीकडे ९. चिमट्यावरच्या खुणांप्रमाणे मात्र चाक अगदी सरळ दिसत होतं. तीस वर्षांच्या चिमट्यावरच्या खुणांवर भरवसा ठेवू नका. चेन ॲडजस्टर फिरवून दोन्हीकडे ६ आणलं आणि स्वतःच्या नव्या खुणा कोरल्या.

३ फेब्रुवारी

डावं आणि उजवं वळण आता एकसारखं लागतं. डावीकडेच गाडी बाहेर का जायची, त्यात या वाकड्या चाकाचा वाटा होता असं मला वाटतं.

राहिलं पुढचं टोक. ब्रेक मारला की खूप खाली बसतं, आणि ब्रेक सोडून वळणात शिरताना एकदम वर येतं. नेमका वळायच्या क्षणी गाडीचा कोन बदलतो.

९ फेब्रुवारी, रविवार

पुढचे दोन्ही शॉकअप उघडले. वरची टोपी सोडताना खालून स्प्रिंगचा जोर असतो, तोंड बाजूला ठेवा आणि शेवटचे आटे हाताने दाबून सोडा.

डाव्यातून निघालेलं तेल उजव्याच्या निम्मंही नाही. जे निघालं ते काळं आणि गढूळ. पाईप काचेवर लोळवले. उजवा डुगडुगतो. लेथवर धरून डायल लावला तर ०.४ मिमी वाक. प्रेसवर सरळ करून घेतला, ५००. सील नवे, २६०. पाईपवरचे गंजाचे बारीक ठिपके सीलच्या वाटेत नव्हते, म्हणून क्रोम करत बसलो नाही.

तेल २० नंबरचं भरलं. खाली बसणं कमी व्हावं म्हणून जाड घेतलं. मोजायची पद्धत : स्प्रिंग बाहेर, पाईप पूर्ण खाली दाबलेला, वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर. हे अंतर दोन्ही शॉकअपमध्ये तंतोतंत सारखं हवं, कारण तेलावरची कोंडलेली हवासुद्धा स्प्रिंगचं काम करते. नुसतं मापाने ओतलं तर जुनं तेल किती राहिलंय त्यावर फरक पडतो.

१० फेब्रुवारी

पन्हाळा रस्त्यावर झकास. ब्रेकला जेवढ्यास तेवढीच बसते. वाटलं, काम संपलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

काम संपलेलं नाही. फुलेवाडीतून कळे, साळवण, गगनबावडा असा गेलो. उसाचा हंगाम, ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा खचवलेल्या, ठिगळावर ठिगळ. साळवणच्या पुढे मनगटं दुखायला लागली. धारदार खड्ड्याला शॉकअप दबतच नाही, दणका सरळ हँडलला. आणि वळणात लागोपाठ खड्डे आले तर पुढचं टोक दर खड्ड्याला थोडं थोडं खाली जातं आणि वर यायला त्याला वेळच मिळत नाही. शेवटी दबून बसतं आणि चाक उड्या मारतं.

या जुन्या पद्धतीच्या शॉकअपमध्ये तेल ठराविक भोकांतून जातं. सावकाश दाबलं की सहज जातं, जोरात दाबलं की अडतं. वेग दुप्पट झाला तर विरोध दुपटीहून कितीतरी वाढतो. त्यामुळे जाड तेलाने ब्रेकचं बसणं थोडं कमी होतं, आणि त्याची किंमत प्रत्येक खड्ड्याला मोजावी लागते. खाली बसणं हे स्प्रिंगचं दुखणं आहे. त्यावर तेलाचं औषध चालत नाही.

१९ फेब्रुवारी

पुन्हा उघडले. त्याच कंपनीचं १० नंबर आणून २० नंबरमध्ये निम्मं-निम्मं मिसळलं. दोन्ही तेलांचे मिळून ७२०.

आता स्प्रिंग. पाईपला केबल टाय बांधला. आधी चाक अधांतरी ठेवून टाय सीलला टेकवला, मग गाडी खाली घेऊन त्यावर बसलो. पाय वर, मित्राने गाडी धरलेली. अलगद उतरल्यावर टाय किती सरकला ते मोजलं : ४६ मिमी. म्हणजे नुसता बसलो की बरीचशी चाल (शॉकअप दबायची एकूण जागा) संपतेच, ब्रेकसाठी उरतं काय? स्प्रिंग थकलीय. स्प्रिंगच्या वर १२ मिमीचा ॲल्युमिनियमचा स्पेसर लेथवर करून घातला, दोन्ही बाजूंना वॉशर. दोन्ही शॉकअपचे १५०. पुन्हा मोजलं : ३५. माझ्या गाडीच्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश. रस्त्यावरच्या गाडीला एवढं ठीक.

याहून मोठा स्पेसर घालायचा मोह टाळला. बसल्यावर गाडी थोडी तरी खाली यायलाच हवी. नाहीतर खड्ड्यात चाकाला खाली उतरायला जागा राहत नाही आणि ते रस्ता सोडतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

तोच गगनबावडा रस्ता, जाऊन-येऊन. मनगटं ठीक. ठिगळांच्या वळणात पुढचं चाक रस्त्याला धरून राहतं. ब्रेकला २० नंबरपेक्षा जरा जास्त बसते, पण हळूहळू बसते आणि हळूहळू उठते. वळणात शिरताना कोन एकदम बदलत नाही.

मागच्या शॉकअपची स्प्रिंग दुसऱ्या घरात होती, तिसऱ्यात नेली. दुसऱ्यात चढावरच्या वळणात मागची बाजू दबून पुढचं टोक हलकं व्हायचं आणि गाडी बाहेर जायची. चौथंही करून पाहिलं. खडबडीत जागी मागचं चाक उडतं. एकट्याला तिसरं, मागे कुणी बसलं तर चौथं आणि मागे ३२ हवा. दोन्ही शॉकअप एकाच घरात आहेत ना, हे दर वेळी वाकून बघायचं.

२ मार्च, रविवार

नवा कोनसेट थोडा बसला, हलकं टक पुन्हा आलं. अपेक्षित होतं. नट किंचित आवळला, दोन्ही चाचण्या पुन्हा केल्या. नवीन बसवला असेल तर पहिल्या काही शे किलोमीटरनंतर हे करावंच लागतं. चिमट्याला ग्रीस दिलं. जुनं ग्रीस स्वच्छ निघालं.

खर्च : टायर-ट्यूब ३,६००, आउट ३००, कोनसेट वाया गेलेला धरून ७००, चिमटा ९१०, मागचे शॉकअप १,७००, पुढच्या शॉकअपचं सगळं १,६३०, मिस्त्रींची मजुरी १,५००. एकूण १०,३४०. यातला टायरचा खर्च कधीतरी होणारच होता. वाया गेलेला वेळ धरायचा तर टीची रिंग, पहिले बुश आणि २० नंबरचं तेल, या तीन ठिकाणी गेला.

मिस्त्रींना गाडी चालवायला दिली. केर्लीपर्यंत जाऊन आले, उतरले आणि म्हणाले, "आता सांग, कुठलं शॉकअप घ्याचं म्हनत हुतास?" घेणार नाही म्हटलं.

उरलेलं काम एकच. पुढचा ड्रम ब्रेक मधेच पकडतो, बहुधा ड्रम गोल राहिलेला नाही. लेथवर घासून घेतला की त्याची नोंद इथेच पुढे टाकतो. पावसाळ्याआधी व्हायला हवं.